पिंजू केस टाकतो ते दिवस

ऑफिसला निघताना काळ्या पॅन्टवर एक पांढरा केस दिसला. चिमटीत उचलला तर त्याच्या शेजारी दुसरा, मग गुडघ्यापाशी एक बारीक पुंजका. वंदना, माझी बायको, चहाचे कप उचलत होती. तिने पाहिलं आणि म्हणाली, "सुरू झालं वाटतं." मी मान हलवली.

आमच्या घरी एक ससा आहे. पांढरा, तांबूस डोळ्यांचा, नाव पिंजू. पावसाचा जोर ओसरून श्रावणअखेरचं चिकट ऊन पडायला लागलं की तो अंगावरचे जुने केस टाकतो. आधी मानेमागे एक विरळ रेघ उमटते, ती हळूहळू पाठीवर उतरते, आणि एका सकाळी बघावं तर कमरेवर केसांचे झुपके उभे असतात, उसवलेल्या गादीतून कापूस डोकवावा तसे. हात लावला की मूठभर केस हातात येतात. मग ते घरभर होतात. पंख्याच्या पात्यांवर, डाळीच्या डब्याच्या झाकणावर, देव्हाऱ्यातल्या निरांजनाच्या तुपात. मांजराला गिळलेले केस ओकून टाकता येतात, सशाला ओकता येत नाही. तो दिवसभर स्वतःला चाटत बसतो, केस पोटात जातात, पोट अडतं आणि तो खाणं सोडतो. खाणं सोडलेला ससा माणसाला फार वेळ देत नाही. म्हणून या दिवसांत त्याला रोज विंचरावं लागतं.

आमच्याकडे हे काम आईचं होतं. ते मी तिच्याकडून काढून घेतलं. आणि त्यातून जे झालं त्याचं खापर फुटलं माझ्या मुलीच्या डोक्यावर. सई पुण्याला शिकते. आजी गेली ती आपण आणलेल्या सशामुळे, असं ती वर्षभर मनात धरून होती. तसं नव्हतं हे मला माहीत होतं. यंदा गणपतीला ती घरी यायची होती, आणि केसांचा तो पहिला पुंजका बोटांत धरून उभा असताना मला एवढंच कळत होतं की आता सांगायला हवं.

पिंजूला घरात आणलं सईनेच. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली म्हणून. बुटांच्या खोक्यात जुना टॉवेल, टॉवेलात तो, नुसता थरथरत. आईने चष्मा वर सरकवून पाहिलं.

"सये, ह्यो उंदीर खंयसून हाडलंस गो?"

"आजी, ससा आहे तो."

"मगे कान काय वडून मोठे केले तेचे?"

सई हसत सुटली. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात तिथेच राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पिंजलेलो कापूस जणू." त्यावरून पिंजू.

पिंजलेला कापूस आईने आयुष्यभर पाहिला होता. माझे वडील परळच्या गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस जिथे विंचरला जातो ते खातं. आज आमची इमारत जिथे उभी आहे तिथेच तेव्हा आमची चाळ होती. पाळी सुटली की अप्पा जिना चढून यायचे आणि उंबऱ्याबाहेर थांबायचे. केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर, हातांवरच्या लवेत पांढरा कापूस. आम्ही मुलं धावलो की आई ओरडायची, "थांबा! आधी माका बघूं दे." मग ती पितळी तांब्यात हात बुडवून ओल्या तळव्याने त्यांचं डोकं, कपाळ, मान निपटायची. ओल्या हाताला कापूस चिकटतो, उडत नाही. तळव्यावर त्याच्या बारीक वळकट्या जमायच्या, त्या ती एका डब्यात टाकायची. अप्पा डोळे मिटून उभे असायचे. त्या दोघांना एकमेकांच्या इतकं जवळ उभं असलेलं मी दुसऱ्या कुठल्याच वेळी पाहिलं नाही.

अंगावरचा कापूस आई काढायची. आत जात होता तो कुणाच्याच हातात नव्हता. अप्पांना खोकला लागला. रविवारी सुट्टी असायची तेव्हा जरा बरे दिसायचे, आणि सोमवारी पुन्हा छाती भरून यायची. चाळीतल्या अर्ध्याअधिक घरांत सोमवारचा तो खोकला होता. पुढे त्याला वारच उरला नाही. गिरणी बंद पडल्यावर त्यांना वाटलं, आता बरं वाटेल. नाही वाटलं. ते गेले तेव्हा मी नोकरीला नुकता लागलो होतो. त्यांचा तो भाता फाटल्यासारखा श्वास माझ्या कानातून कधी गेला नाही. पुढचं सगळं तिथून आलं.

आई पिंजूला विंचरायची ती दुपारची, गॅलरीत. जुनं लुगडं चौघडी करून मांडीवर घ्यायची, शेजारी पाण्याची वाटी, एक स्टीलची ताटली, आणि तिचाच जाड दातांचा कंगवा. सईने आणलेला ब्रश तिने परत केला. "तारेचो ब्रश नको. याची कातडी पापडासारखी हा, टरकन फाटात." कंगवा फक्त वरवरचा. खरं काम ओल्या हाताचं. मानेपासून शेपटीपर्यंत तळवा एकदा जाई, दुसऱ्यांदा जाई, आणि तिसऱ्यांदा वर येईपर्यंत त्यावर पांढरी वळकटी झालेली असे. सुटलेला झुपका ती चिमटीत धरून अलगद काढायची. तो पायांनी ढकलायला लागला की म्हणायची, "गप रव रे मेल्या, तुझोच भार उतरवतंय." मग त्याला देठासकट कोथिंबीर द्यायची. तो भरभर खायचा आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

खाली कारखान्यांतून गणपतींवर शेवटचे हात फिरत असायचे, रंगाचा वास चौदाव्या मजल्यापर्यंत यायचा, कुठेतरी पोरांची ढोल-ताशाची तालीम चालू असायची. गॅलरीत तिरकं ऊन. त्या उन्हात कितीही ओला हात फिरवला तरी थोडे केस उडायचेच. सुट्टीच्या दिवशी मी आत खुर्चीत बसून बघायचो. उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी ती पांढरी भुरभुर बघितली की मी खुर्ची मागे सरकवायचो. का, ते तेव्हा स्वतःला विचारलं नव्हतं.

मागच्या वर्षी त्याच दिवसांत आईला खोकला लागला. कोरडा. बसली असली की नसायचा, आडवी झाली की यायचा. उशी उंच केली की जरा थांबायचा. जिना चढायचा प्रश्न नव्हता, लिफ्ट आहे. पण लिफ्टपासून दारापर्यंत येतानाही ती मध्ये भिंतीला हात लावून उभी राहायला लागली.

परबकाका म्हणजे अप्पांच्या खात्यातले, आता आमच्याच मजल्यावर राहणारे. ते पेपर मागायला आले आणि दारातच थबकले. आतून आईचा खोकला येत होता, गॅलरीतून केस उडत होते.

"अरे, हा तर बापूसाचा खोकला तुझ्या," ते म्हणाले. "अस्साच. आधी तो ससा काढ बाहेर. मी सांगतो तुला. अंगावरचं काय, दिसतं; आत जातं ते मारतं."

मला दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नव्हती. मी आईला डॉक्टरांकडे नेलं, पण त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं: घरात ससा आहे, केस गळताहेत, वडील कापसाच्या धुळीने गेले. त्यांनी औषध दिलं. म्हणाले, ससा थोडे दिवस दूर ठेवून बघा, खोकला नाही उतरला तर पुन्हा घेऊन या. पुढचं वाक्य मी ऐकलं, पण धरलं नाही. मला हवं होतं ते मला पहिल्यातच मिळालं होतं.

त्या संध्याकाळी सईला फोन केला. तेव्हाचा माझा आवाज मला आठवतो. काळजीचा होता, पण त्यात एक धार होती, आपलंच खरं झालं म्हणून येते तशी. "तुझ्या सशाने आजीला धाप लावलीय," मी म्हणालो. असंच म्हणालो. पलीकडे तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "देऊन टाक, बाबा. कुणालाही दे. मला विचारू नकोस." ती रडत होती. आणि मी तिला तिचा काही दोष नाही एवढंसुद्धा म्हणालो नाही.

माझ्या ऑफिसातला एक मित्र दादरला राहतो, त्याने पिंजूला ठेवून घेतलं. मी पिंजरा उचलला तेव्हा आई गॅलरीत बसून होती. मांडीवर लुगडं अंथरलेलं.

"अर्धोच विंचारलंय," ती म्हणाली. "डावी बाजू रवली."

"ते लोक विंचरतील, आई."

"ओलो हात करूक सांग."

मी हो म्हटलं. सांगायचं विसरलो.

पिंजू गेला आणि खोकला राहिला. तेव्हा तरी मला थांबायला हवं होतं. पण आम्ही म्हटलं, केस अजून घरात असतील. पडदे धुतले. गाद्या उसवून कापूस उन्हात घातला, नव्या खोळी शिवल्या. माणसं बोलावून भिंती, पंखे, कपाटांच्या मागे सगळं झाडून घेतलं. आई कोपऱ्यात खुर्चीवर बसून हे बघायची आणि तिचा हात मांडीवरच्या पदरावरून पुढे जायचा, मागे यायचा, पुढे जायचा. वंदनाला ते बघवायचं नाही. मला बघवायचं, मला वाटायचं, सवय आहे, जाईल. जेवण तिचं कमी झालं. मी वंदनाला म्हणालो, रुसलीय ती सशासाठी. रुसवा, केस, धूळ, हवा. माझ्याकडे सगळ्याची कारणं होती. दसरा गेला, दिवाळी आली; सई परीक्षेमुळे घरी आली नाही.

भाऊबीजेच्या सकाळी वंदनाने आईच्या पायातली चप्पल काढली आणि तिला पट्ट्याचा खोल वळ दिसला. बोटाने दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. "अहो, इकडे या आधी," ती ओरडली. तिच्या आवाजानेच मला कळलं.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीण होती. तिने सगळं तपासून आईच्या समोरच सांगितलं. हृदय अशक्त झालंय, त्यामुळे फुप्फुसांत पाणी साचतं, म्हणून आडवं झालं की खोकला. मी पुन्हा सशाचं सांगायला लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "केसांचा याच्याशी संबंध नाही, काका. खोकला सुरू झाला तेव्हाच आणलं असतं तर औषधांना जास्त वाव मिळाला असता."

आईने नाकावरची ऑक्सिजनची नळी एका बोटाने बाजूला केली. "बघ," ती मला म्हणाली. "माझ्या सश्याचो काय दोष नाय."

"नाही, आई."

"सईक सांग. त्या पोरीक सांग आधी."

मी हो म्हटलं.

थोडं बरं वाटल्यावर तिला घरी सोडलं, आणि त्याच दिवशी मी दादरला जाऊन पिंजूला घेऊन आलो. आईला उशांना टेकवून बसवलं, मांडीवर लुगडं घातलं, वाटीत पाणी दिलं. तिने हात बुडवला आणि त्याच्या मानेवरून शेपटीपर्यंत नेला. मग तळवा उलटा करून बघितला. काही नव्हतं. तोवर त्याचे नवे केस पुरते आले होते, दाट, घट्ट, अंगाला चिकटलेले. तिने पुन्हा हात फिरवला. पुन्हा रिकामा तळवा पदराला पुसला.

"झालां सगळां," ती म्हणाली. तक्रार नव्हती. काम आपल्याशिवाय उरकलं गेलं की माणूस म्हणतं तसं. पिंजू तिच्या मांडीवर बसून राहिला, आणि ती हात तसाच ठेवून डोळे मिटून होती. मार्गशीर्षात ती गेली.

सई आली तेव्हा तिने पिंजऱ्याकडे पाहिलं आणि दारातच उभी राहिली. कुणीतरी विचारलं, काय झालं होतं आजींना? मी म्हणालो, धाप वाढत गेली आणि हृदय थकलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. सई वंदनाला हळूच म्हणाली, "मी आणलाच नसता तर." वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मी आईच्या फोटोवरचा हार नीट करत होतो.

त्या दिवसांनंतर वंदना मला एकदाच बोलली. "मी सांगू शकते तिला. पण नाही सांगणार. तुमच्या तोंडून गेलंय ते. तुम्हीच परत घ्यायला हवं."

मी का नाही सांगितलं? याचं उत्तर मी स्वतःला वेगवेगळं देत आलो. परीक्षा आहे तिची. फोनवर कसं बोलायचं. विसरली असेल. पण खरं एवढंच आहे: दोष सशाचा होता तोवर तो कुणाचाच नव्हता. मुका जीव, त्याला काय कळतं, असं म्हणून सगळेच उसासा टाकू शकत होते. तो तिथून उचलला की ठेवायला जागा एकच होती. मी माझी जागा रिकामी ठेवली आणि त्यात माझी पोर जाऊन बसली, हे मला दिसत होतं. व्हिडिओ कॉलवर पिंजू मागून गेला की ती म्हणायची, "फोन वर धर ना, बाबा." मी वर धरायचो. पंखा दिसायचा.

यंदा विंचरायचं माझ्याकडे आलं. फाल्गुनात थोडे केस गेले होते, ते कसेबसे निभावले. श्रावणअखेरचं वेगळं असतं. मी आईचं लुगडं घेतलं, वाटी घेतली, गॅलरीत मांडी घालून बसलो. पिंजू माझ्या मांडीवर क्षणभरही टिकेना. माझा हात जड पडत असावा, किंवा त्याला माझ्या हाताची भीती कळत असावी. तो उडी मारून वॉशिंग मशीनच्या मागे जायचा आणि तिथे बसून स्वतःला चाटत राहायचा. ते बघून माझा जीव खालीवर व्हायचा. एक दिवस त्याने कोथिंबीर तशीच ठेवली. मी त्याच्यासमोर जमिनीवर पालथा झोपलो, हनुवटी लादीवर टेकवून, आणि एक ओलं बोट त्याच्या कपाळावरून मागे नेलं. नुसतं एक बोट. त्याने कान मागे टाकले. मग दोन बोटं. ताटलीत त्या दिवशी चिमूटभर केस जमले, पण संध्याकाळी त्याने दूर्वांची एक जुडी खाल्ली. पन्नाशी उलटलेला माणूस लादीवर पालथा पडून रडतोय हे वंदनाने दारातून बघितलं, आणि आत निघून गेली.

सई आली ती गणपतीच्या आदल्या दिवशी. येताना बॅग लिफ्टपाशी खाली ठेवून तिने हातांनी ड्रेस झटकला, मग आत आली. गॅलरीकडे वळलीच नाही. जेवताना पाठ तिकडे करून बसली. मी दुपारी मखराचे बांबू बांधत होतो, ती दोरीचं टोक धरून होती.

"सई, एक सांगायचंय."

"घट्ट ओढू का अजून?"

"आजीचं. सशाने नव्हतं झालं ते. केसांचा काही संबंध नव्हता."

तिने दोरी सोडली नाही. मी सगळं सांगितलं. डॉक्टर पुन्हा या म्हणाले होते ते, मी नेलं नाही ते, पडदे धूत बसलो ते, पायावरचा वळ. तरुण डॉक्टरीण काय म्हणाली ते. फोनवर मी वापरलेला शब्द न् शब्द मी तिला पुन्हा सांगितला, म्हणजे तो माझा होता हे तिला नीट कळावं.

"आजीला कळलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"काय म्हणाली ती?"

मला वाटलं होतं हे तरी ती विचारणार नाही. "म्हणाली, सईला सांग. आधी तिला सांग."

सई माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा इतका मोठ्या माणसासारखा झालेला मी पाहिला नव्हता. "बाबा, मी ना, वर्षभर कुणाच्याही घरी जाताना दाराबाहेर कपडे झटकते. कुणाची आजी-बिजी असेल घरात तर. एखादा केस राहिला असेल तर. वर्षभर मी पुण्यात आहे, बाबा. माझ्या अंगावर कुठून येणार केस? पण झटकते."

"सई—"

"नको. आत्ता काही बोलू नकोस."

तिने दोरी खाली ठेवली. गॅलरीत गेली, आणि काचेचं दार तिने मागे ओढून घेतलं. वंदना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. काचेपलीकडे सई जमिनीवर बसली होती, पाठ आमच्याकडे. पिंजू मशीनच्या मागे होता, तो बाहेर यायला तयार नव्हता. ती हलली नाही. मग काही वेळाने दारातून पुसट ऐकू आलं, "गप रव रे. गप रव." मालवणी तिला बोलता येत नाही, कधीच बोलली नव्हती.

मला कुणी तिकडे बोलावलं नव्हतं. मी अर्धवट बांधलेला बांबू हाताने धरून तिथेच उभा राहिलो.